गवतात न निजणारं पाडस

जंगल जिथे विरळ होत होत संपतं आणि माळ सुरू होतो, तिथे एक हरिणी राहत असे. स्वभावाने फार भित्री. साधं पान गळून पडलं तरी तिचे कान आधी ताठ उभे राहत, आणि मग ती बघे की पडलं ते पानच होतं. चरताना घासागणिक तिची मान वर. माळावरची जनावरं तिला हसत, पण तोंडावर कुणी काही बोलत नसे. कारण तिचं दुःख सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलांनो, हरिणींची एक रीत असते. पाडस झालं की ते लगेच आईबरोबर हिंडत नाही. आई त्याला उंच गवतात निजवते, त्याच्या कानाशी म्हणते, "पडून राहा. हलू नकोस," आणि स्वतः दूर जाऊन चरते. पाडसाने मग कान हलवायचा नाही, माशी बसली तरी शेपटी झटकायची नाही. असं निपचित पडलेलं पाडस लांडग्यालासुद्धा दिसत नाही. या हरिणीचं पाडस मागच्या थंडीत एकदाच उठून उभं राहिलं. कशाला, कुणास ठाऊक. आई दिसते का, ते बघायला उठलं असेल. लांडगा जवळच होता. हरिणीने ते लांबून पाहिलं, आणि तिच्या मनाने काही ठरवण्याआधी तिचे पाय तिला घेऊन पळाले. त्या दिवसापासून तिने एकच गोष्ट मनात घट्ट धरली : हललं, की संपलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ओढ्यापलीकडचा मेंढ्यांचा तळ हलला. धनगर आपली मेंढरं, घोडी, कुत्री घेऊन पुढच्या मुलखात निघून गेले, आणि घाणेरीच्या झुडपात कुत्र्याचं एक पिल्लू मागे राहून गेलं. डोळे नुकते उघडलेले. ते इतकं बारीक रडत होतं की दुसऱ्या कुणाला ऐकूही गेलं नसतं. पण हरिणीला सगळंच ऐकू जाई. ती दचकली, चार उड्या मारून लांब गेली, थांबली, आणि परत आली. तिच्या आचळांत दूध होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. ती खाली बसली.

जंगलात कुणाला नाव नसतं. पण पाळलेल्या जिवाला हाक मारावी लागते, म्हणून त्याला नाव मिळालं. पिल्लू स्वतःच्याच शेपटीमागे सारखं गरागरा फिरे, तेव्हा हरिणी त्याला भिंगऱ्या म्हणू लागली. आणि भिंगऱ्या तिला आई म्हणू लागला.

लहान होता तोवर सगळं ठीक चाललं. पोट भरलं की तो झोपे, आणि झोपलेलं पिल्लू हलत नाही. पण उन्हं तापू लागली तसे त्याचे पाय लांब झाले, छाती भरली, आणि अंगात काय शिरलं कोण जाणे! सकाळी डोळा उघडायच्या आत शेपटी सुरू. फुलपाखरू दिसलं, धाव. सुकलेलं शेण दिसलं, धाव. काहीच दिसलं नाही तर, काही दिसतंय का बघायला धाव.

"पडून राहा," हरिणी म्हणे. "हलू नकोस."

"बरं, आई," भिंगऱ्या म्हणे, आणि पोट जमिनीला टेकवून पडे. मागचा पाय तेवढा थरथरत राही. हरिणी चरायला वळली की मागे गवत सळसळे, आणि ती तोंडातला घास टाकून परत धावे.

शेवटी तिने गुळवेलीचा एक चिवट दोर ओढून आणला, त्याचं एक टोक बाभळीच्या मुळाला गुंतवलं आणि दुसरं भिंगऱ्याच्या गळ्यात अडकवलं. आता तो सुरक्षित होता. ती निर्धास्त चरायला जाऊ लागली. निर्धास्त म्हणजे तिच्या मानाने.

भिंगऱ्या दिवसभर बाभळीभोवती फिरे. दोर जिथवर पुरे तिथवर जाई, हिसका बसला की वळे, पुन्हा फिरे. हळूहळू तिथलं गवत गेलं, मग मातीवरचा पाला गेला, आणि बाभळीखाली उघड्या मातीचा एक गोल तयार झाला. त्याने झाडाची साल कुरतडली. खड्डे उकरले. वाऱ्यावर भुंकला, सावलीवर भुंकला. हरिणी परत आली की तो तिच्या अंगावर असा काही झेप घेई की ती घाबरून मागे सरके. मग तो आणखी जोरात उडी मारी. त्याला वाटे, हा खेळच आहे.

"आई, त्या तिकडे काय आहे?"

"ओढा."

"आज जायचं?"

"उद्या," हरिणी म्हणे.

बाभळीजवळच्या टेकाडात एक म्हातारा साळिंदर राहत असे. बोलायला खरखरीत, पण मनाने वाईट नव्हता. भिंगऱ्याच्या भुंकण्याने त्याची दुपारची झोप उडे. एका संध्याकाळी तो काटे खडखडवत हरिणीकडे आला.

"बाई, तुमचं लेकरू झाडाला खाऊन टाकणार एक दिवस."

"चुकलं, काका. मी त्याला सांगते पडून राहायला."

"अहो, ते काय पाडस आहे का, पडून राहायला? कुत्रं आहे ते! त्याला हिंडवायला नको? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, ओढ्यापर्यंत न्यायचं. दोर आपल्या तोंडात. दमलं की येऊन आपोआप गप पडेल, सांगावंसुद्धा लागणार नाही."

"पण वाटेत काही आलं तर?"

"येईल की. जंगल आहे हे. ससा उठेल, तित्तर उडेल. आपण दोर सोडायचा नाही, आणि काही झालं तरी त्याच्यासमोर पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे धावायचं, हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. समजलं?"

हरिणीला समजलं. दुसऱ्या दिवशी तिने खरंच दोर तोंडात धरला आणि निघाली. भिंगऱ्याने आनंदाने असा हिसका दिला की तिचे दात दुखले. थोडं अंतर गेले असतील नसतील, तोच पायाखालून एक तित्तर फडफडत उडाला. भिंगऱ्या त्याच्या दिशेने झेपावला आणि हरिणी बरोबर उलट दिशेने उधळली. दोर तिच्या दातांत अडकलेला. ती थांबली तेव्हा भिंगऱ्या मागून फरफटत आला होता, आणि खोकत होता.

"मज्जा आली, आई," तो खोकता खोकताच म्हणाला. "पुन्हा?"

तिने त्याला नेऊन बाभळीला बांधलं. दुसऱ्या दिवशी वारा फार होता, म्हणून ती त्याला घेऊन निघाली नाही. तिसऱ्या दिवशी तिला लांडग्याचा वास आल्यासारखा वाटला. मग कधी ऊन, कधी धूळ, कधी नुसतीच धडधड. रोज कारण खरं असे, आणि रोज उत्तर एकच : उद्या.

बाभळीपासून जरा लांब, उघड्या खडकाळ जागेत टिटवीने अंडी घातली होती. टिटवी घरटं बांधत नाही. गोट्यांमध्ये गोट्यांसारखीच दिसणारी अंडी ठेवते आणि जवळ कुणी फिरकलं की आकाश डोक्यावर घेते. भिंगऱ्या भुंकला रे भुंकला की ती ओरडत हरिणीच्या डोक्यावर घिरट्या घाली.

"अहो हरिणबाई! आवरा तुमच्या सोन्याला! माझी अंडी अजून फुटायची आहेत, पण आतली पिल्लं बहिरी झाली असतील आत्तापासून!"

"बांधलाय ना गं," हरिणी म्हणे. "सुटणार नाही तो."

"बांधलाय म्हणूनच सांगतेय. माझी अंडी उघड्यावर असून लपलीत, आणि तुमचं लेकरू झाडाला बांधूनसुद्धा साऱ्या रानाला दिसतंय. सुटला तर काय करेल, याचा विचार केलाय?"

हरिणीने केला होता. तिने दोराला आणखी एक गाठ मारली.

आणि एक दिवस भिंगऱ्या गप्प झाला. हरिणी चरून आली, तर त्याने झेप घेतली नाही. शेपटीही हलवली नाही. आपल्या उघड्या गोलात तो हनुवटी मातीवर ठेवून पडला होता, आणि नजर ओढ्याकडे. बघायला गेलं तर हरिणीला हवं होतं तेच झालं होतं; तो पडून होता आणि हलत नव्हता. पण त्याचे डोळे पाहून ती एक पाऊल मागे सरकली. तसं निपचित पडलेलं तिने एकदाच पाहिलं होतं, लांडगा निघून गेल्यावर.

"भिंगऱ्या, अरे, काय होतंय?"

"काही नाही, आई. उद्या कधी येतो, ते बघतोय."

तिला राहवलं नाही. दोर तोंडात धरून न्यायचं धैर्य नव्हतं, आणि त्याला तसं बघवत नव्हतं. तिने मान वाकवली आणि त्याच्या गळ्यातला फास दातांनी सैल करून काढूनच टाकला.

"जा. जरा हुंदड आणि लगेच ये. लांब जाऊ नकोस."

क्षणभर तो उठलाच नाही. त्याला खरं वाटेना. मग साठलेलं पाणी बांध फोडून सुटावं तसा तो सुटला. इतक्या दिवसांची सगळी धाव एकदम निघाली. तो माळावर गोल फिरला, त्याहून मोठा गोल फिरला, कोलांटला, उठला, पुन्हा सुटला. हरिणी हाका मारत होती. पण हाकेला यायचं असतं हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. बांधलेल्याला हाक कशाला मारायची?

टिटवीने त्याला येताना पाहिलं आणि ती किंचाळत आभाळात उठली. ते किंचाळणं हरिणीच्या कानात शिरलं मात्र, तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. साळिंदरकाकांचं सांगणं तिला माहीत होतं. पण पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पाय तिला घेऊन पळाले.

भिंगऱ्याने वळून पाहिलं. आई पळतेय! आई खेळतेय! तो आनंदाच्या भरात तिच्या मागे धावला. ती पुढे, तो मागे, वर टिटवी. खडकाळ जागा आली आणि गेली. आपण कुठून जातोय, हे हरिणीला दिसतही नव्हतं. झाडीपाशी धाप लागून ती थांबली, तेव्हा भिंगऱ्या तिच्या पायांशी येऊन लोळला. जीभ बाहेर, डोळ्यांत नुसता उजेड.

वर टिटवी ओरडायची थांबली होती.

टिटवी ओरडायची थांबली, हेच सगळ्यांना भयंकर वाटलं. जनावरं खडकाळ जागेपाशी जमली. गोट्यांमध्ये चार फुटकी कवचं होती आणि माती ओली झाली होती. टिटवी बाजूला लंगडल्याचं सोंग घेतल्यासारखी एका पायावर उभी होती, जणू अजून कुणाला तरी आपल्या अंड्यांपासून लांब न्यायचं होतं तिला.

"कुत्र्याने केलं," कुणीतरी म्हणालं.

"दुसरं कोण करणार?"

"आम्ही पळत होतो," भिंगऱ्या म्हणाला. त्याला राग कुणाचा आणि कशाचा, तेच कळत नव्हतं. "आई पुढे होती आणि मी मागे."

पोराचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. पण हरिणीने खाली पाहिलं. तिच्या उजव्या पुढच्या खुराच्या फटीत काहीतरी पिवळं, चिकट लागलेलं होतं, आणि त्याला ठिपक्यांच्या कवचाचा एक तुकडा चिकटला होता. तिने तो पाय हळूच गवतात सरकवला. सांगावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं. पण सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळलेली होती, आणि इतके डोळे आपल्यावर असताना काय करायचं, हे तिला जन्मापासून एकच शिकवलेलं होतं. ती हलली नाही.

"ओढ्यापलीकडे तळ पुन्हा उतरलाय," साळिंदर जड आवाजात म्हणाला. "ज्यांचं कुत्रं त्यांना नेऊन द्या, बाई. मी बोललो होतो तुम्हाला."

"मी त्याला हिंडवीन, काका. रोज हिंडवीन. दोर धरून."

तेव्हा टिटवी पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी बारीक होता.

"कधी? उद्या?"



सकाळी तिने दोर तोंडात घेतला आणि दोघं निघाली. भिंगऱ्याला आनंद मावेना. त्याने पहिल्याच पावलाला हिसका दिला. हरिणी दचकली, आणि दचकून जागच्या जागी थिजली. दोर ताणला गेला आणि भिंगऱ्याला पुढे जाता येईना. त्याने मागे वळून पाहिलं. आई नुसती उभी. तो दोन पावलं मागे आला, दोर सैल पडला, तशी हरिणीला हायसं वाटून ती चालू लागली. पुन्हा हिसका. पुन्हा ती थिजली. पुन्हा तो मागे आला. असं कितीदा झालं कोण जाणे. पण ओढा दिसायला लागेपर्यंत भिंगऱ्याला एक गोष्ट आपोआप समजली होती : ओढलं की वाट थांबते, आणि बरोबर चाललं की वाट चालते.

ओढ्यापाशी पायाखालून तित्तर उडाला. हरिणीचं सगळं अंग शहारलं. पण दोर तोंडात होता, दातांत घट्ट होता, आणि मागच्या वेळचं ते खोकणं तिच्या कानात होतं. ती पळाली नाही. भिंगऱ्या झेपावणार होता. त्याने आईकडे पाहिलं, ती उभी आहे हे पाहिलं, आणि तोही उभा राहिला. नाक तेवढं वर करून उडत्या तित्तराकडे बघत राहिला.

"ओढा हाच का, आई?"

"हाच."

"खूप चांगला आहे," भिंगऱ्या म्हणाला, आणि पाणी प्यायला.

उन्हं चढली, उतरली. चढ लागला. भिंगऱ्या आता तिच्या खांद्याला खांदा लावून चालत होता. दोर दोघांच्या मध्ये सैल लोंबत होता. त्याची जीभ बाहेर आली होती आणि पावलं शांत पडत होती. हरिणीने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या मनात आलं, एवढंच होतं? इतकंच करायचं होतं? तिची पावलं मंदावली. अजूनही मागे फिरता आलं असतं. फिरून सगळ्यांना सांगायचं की, बघा, कसा चालतोय माझा भिंगऱ्या. पण मग ते दुसरंही सांगावं लागलं असतं. खुराचं. ती चढ चढत राहिली.

तळाच्या कडेला एक म्हातारी मेंढी रवंथ करत बसली होती. तिने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हरिणीच्या दोराला कुत्रं! बाई गं, म्हातारपणी काय काय बघायचं! कुणाचं म्हणायचं हे?"

"तुमच्याच तळावरचं आहे. मागे राहिलं होतं."

"आणि चालतंय किती गुणी! आमची इथली ओढून ओढून धन्याचा खांदा निखळवतात. कधी शिकवलंस?"

हरिणीने सैल लोंबणाऱ्या दोराकडे पाहिलं. मग म्हणाली, "आज."

मेंढीची रवंथ थांबली. "ठेवून जा," ती म्हणाली. "नव्या कुत्र्याच्या गळ्यात आमचा धनी आधी लोढणं अडकवतो. लाकडाचा ओंडका गं, हा एवढा. धावलं की गुडघ्यांवर आपटतो. मग धावत नाहीत."

"किती दिवस?"

"धावायचं विसरेपर्यंत."

भिंगऱ्या हे ऐकत नव्हता. तो दमून खाली बसला होता आणि हरिणीच्या पायाला अंग टेकून सुखाने धापा टाकत होता.

"आई, उद्यापण येऊ या?"

हरिणीने त्याच्या गळ्यातला फास काढला. दोर तिथेच पडू दिला. त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि तिला दुसरं काही सुचेना, म्हणून ती जे नेहमी म्हणे तेच म्हणाली.

"पडून राहा. हलू नकोस."

आणि मुलांनो, भिंगऱ्याने ऐकलं. तो पोटभर धावला होता, मनासारखा चालला होता, त्याचे पाय आता थरथरत नव्हते. तो गवतात शहाण्या पाडसासारखा निजला. माशी बसली तरी त्याने कान हलवला नाही. हरिणी उतारावरून जाताना परत परत वळून बघत होती. तो तसाच होता, डोळे तिच्यावर लावून. तळावरून एक माणूस खांद्यावर लाकडाचा ओंडका घेऊन त्याच्या दिशेने निघाला, तरी तो हलला नाही. आई म्हणाली होती ना.

पुढच्या वर्षी बाभळीभोवतीच्या त्या गोलात गवत उगवलं नाही. तिथली माती फार तुडवली गेली होती. उन्हाळ्यात टिटवी माळभर जागा शोधत फिरली आणि शेवटी तिने तिथेच अंडी घातली.

"जागा बाकी छान झालीय, हरिणबाई," ती म्हणाली. मनात काही न ठेवता म्हणाली. "मोकळी, सपाट. आणि आता तर भीतीही कशाची नाही."

"नाही," हरिणी म्हणाली, आणि तिने आपला उजवा पाय गवतात मागे घेतला.

तात्पर्य : पाळलेल्या जिवाच्या अंगातली धाव बांधून ठेवल्याने मरत नाही. ती रोज आपणच सोबत चालून, दोर हाती धरून वाटेला लावावी लागते. नाहीतर ज्या दिवशी ती सुटते, त्या दिवशीचं नुकसान त्याच्या पायांनी झालेलं दिसलं, तरी ते आपलंच असतं.